उपासनेकरिता ‘कॅसिओ’ कसा निवडावा
(प्रचारक, मंडळीचे पंच व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्याकरिता धडा)

मननाकरिता शास्त्रपाठ : लूक १४:२८-३०, १ करिंथ १४:७-९, १ शमुवेल १७:३८-४०, १ इतिहास २५:१-७.



अलीकडे खेड्यापाड्यांतील पुष्कळ मंडळ्यांतून एक इच्छा कानी येते. ती ही की, आपल्याही उपासनामंदिरात ‘कॅसिओ’ असावा. कॅसिओ हे वास्तविक एका जपानी कंपनीचे नाव आहे. परंतु आपल्या लोकांनी ते विजेवर वाजणाऱ्या पट्ट्यांच्या प्रत्येक वाद्यास देऊन टाकले आहे. यास्तव आम्हीही ह्या धड्यात तोच शब्द वापरू, मग वाद्य कोणत्याही कंपनीचे असो.

ही इच्छा वाईट नाही. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या कुळांतील गायकवादकांची नावनिशी पवित्र शास्त्रात लिहून ठेवली आहे, आणि त्यांत गायनात निपुण असे २८८ जण मोजले आहेत. देवाच्या घरात वाद्यास स्थान आहे. परंतु ज्या पैशाने हे यंत्र येते तो बहुधा मजुरीचा, दुधाचा, कोंबडी-अंड्यांचा व सुगीच्या दानाचा पैसा असतो. तो एकदा गेला म्हणजे पुन्हा लवकर जमत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. चुकीचे यंत्र आणल्याने, किंवा चांगले यंत्र चुकीच्या रीतीने वाजवल्याने, जी मंडळी पूर्वी मोठ्याने गात होती ती गप्प बसून ऐकू लागते. म्हणून ह्या धड्याचे सार आरंभीच सांगतो : यंत्राने मंडळीच्या गाण्यामागे चालावे, मंडळीस यंत्रामागे धावावयास लावू नये. हे ज्या यंत्रावर व ज्या वादकास साधते, तीच आपली निवड.

१. हे यंत्र आहे तरी काय?

आपल्या परिचयाची बाजाची पेटी हीदेखील मूळची येथील नव्हे. पॅरिस येथे अलेक्झांडर दबँ ह्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता चालवावयाची असे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालवावयाची पेटी तयार केली, आणि जमिनीवर मांडी घालून भजन करणाऱ्या आपल्या लोकांस ती सोईची झाली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग, भजन व कीर्तन ह्या देशी रूपांत ख्रिस्ती भक्ती गाइली, तेव्हा पेटी, तबला व टाळ ही आपल्या उपासनेची नित्याची वाद्ये होऊन बसली. परक्या ठिकाणचे वाद्य आपल्या गाण्याच्या सेवेस कसे लावावे, हे आपल्या वडिलांनी ह्याप्रमाणे एकदा करून दाखवले आहे.

आता नव्या यंत्राकडे वळू. कॅसिओ कंपनीने आपले पहिले ‘कॅसिओटोन’ वाद्य १९८० साली बाजारात आणले. तेव्हापासून ही वाद्ये घरोघरी पोहोचली. ह्यांच्यात भाता नाही व सुराची पितळी पानेही नाहीत. पट्टी दाबली की आतील स्मरणात साठवलेला नाद ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो. बासरी, पेटी, सतार, व्हायोलिन असे शेकडो नाद त्यात असतात. त्यांस वाजवणारे ‘टोन’ म्हणतात.

परंतु दुकानात पट्ट्यांची जी यंत्रे मांडलेली दिसतात ती सर्व एकाच जातीची नसतात. त्यांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला, डिजिटल पियानो. ह्यास ८८ जड पट्ट्या असतात. पियानो शिकणाऱ्यास तो उत्तम. परंतु तो जड असून त्यात बहुधा तालाची सोबत नसते.

दुसरा, सिंथेसायझर. नवे नवे नाद घडवण्याकरिता हा असतो. पुष्कळ सिंथेसायझरांस स्वतःचा ध्वनिवर्धकच नसतो. नवशिक्याच्या हाती हा देऊ नये.

तिसरा, अरेंजर कीबोर्ड. खेड्यात ज्यास कॅसिओ म्हणतात तो बहुतेक हाच. ह्याचा विशेष असा की, उजव्या हाताने चाल वाजवावी व डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन किंवा अधिक सुरांचा मेळ, दाबून धरावा. मग यंत्र त्या मेळास अनुसरून ताल, खर्ज व इतर वाद्यांची सोबत आपोआप वाजवते. ह्या सोबतीच्या एकेका साच्यास ‘स्टाइल’ म्हणतात. प्रत्येक स्टाइलमध्ये आरंभाचा तुकडा, मुख्य ठेका, मध्ये भरावयाचा तुकडा व समाप्तीचा तुकडा असे भाग असून त्यांची बटणे वेगवेगळी असतात.

नवशिक्याच्या सोईकरिता एका बोटाने कॉर्ड धरण्याची युक्तीही असते, पण ती सर्व कंपन्यांत एक नाही. यामाहाच्या यंत्रांत एक पट्टी दाबली असता मेजर कॉर्ड मिळतो. तिच्यासह डावीकडील जवळची काळी पट्टी दाबली असता मायनर, व जवळची पांढरी दाबली असता सेव्हन्थ मिळतो. कॅसिओच्या यंत्रांत एक पट्टी म्हणजे मेजर, दोन म्हणजे मायनर व तीन म्हणजे सेव्हन्थ. शेजारच्या गावच्या वादकाकडून शिकावयाचे असेल तर त्याचे यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे ह्याकरिता विचारून घ्यावे.

२. आपली गीते व यंत्राचा ताल

आपल्या उपासनेत दोन तऱ्हेची गीते चालतात. काही विलायती चालींवर आहेत. त्यांत कॉर्ड मुळातच असतो व ती चार किंवा तीन मात्रांच्या मापात बसतात. अशांस अरेंजरची सोबत चांगली शोभते. दुसरी देशी चालींची भजने, अभंग व पदे होत. ती रागावर व ठेक्यावर उभी असतात. त्यांस पदोपदी बदलणारा कॉर्ड लावला तर चालीचा मूळ रस बिघडतो. ह्यावर उपाय असा की, यंत्रातील आपोआप सोबतीचे बटण बंद करून केवळ ताल चालू ठेवावा. चाल उजव्या हाताने पेटीच्या नादात वाजवावी, आणि यंत्रात दोन नाद विभागण्याची सोय असल्यास डाव्या हाताने षड्ज व पंचम हलकेच धरून ठेवावेत. मग ते यंत्र तंबोरा, पेटी व ठेका ह्या तिघांचे काम करते.

तालाचा हिशेबही समजून घ्यावा. केरवा व भजनी ठेका आठ मात्रांचा. तो यंत्राच्या चार मात्रांच्या मापात बसतो. दादरा सहा मात्रांचा. तो तीन किंवा सहाच्या मापात बसतो. परंतु रूपक सात मात्रांचा व झपताल दहा मात्रांचा. हे ताल पुष्कळ यंत्रांत नसतात. ज्या मंडळीत अशी पदे आवडीने गातात तिने, ते ठेके यंत्रात आहेत की नाहीत, हे घेण्यापूर्वी पाहावे. नसल्यास त्या पदांकरिता तबला राखावा. भारताच्या बाजाराकरिता म्हणून काही यंत्रे निघाली आहेत, जसे यामाहाचे पीएसआर-आय ५०० व कॅसिओचे सीटी-एक्स ८७० आयएन. त्यांत देशी वाद्यांचे नाद व देशी ठेके घातलेले आहेत. सारख्याच किमतीची दोन यंत्रे समोर असता आपल्या कामास अशा जातीचे अधिक उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तबलजी मनुष्य असतो. म्हाताऱ्या आजीबाई ओळीच्या शेवटी श्वास घेण्यास थांबल्या तर तो हात आवरतो. यंत्राचा ताल असा थांबत नाही. मंडळी ओळीच्या अंती अर्धी मात्रा रेंगाळली तरी तो पुढे जातो. दुसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी एकीकडे व ताल दुसरीकडे होतो. आणि मग जे दुर्बळ आवाजाचे, वृद्ध व नवे असतात ते प्रथम गप्प होतात. गाणारे चारपाच तरुण राहतात व बाकीचे श्रोते बनतात. पौलाने करिंथकरांस वाद्यांचे उदाहरण देऊन जे शिकवले त्याचा आशय हाच की, वाद्याच्या नादात स्पष्ट भेद नसेल तर ऐकणाऱ्यास बोध होत नाही. ज्या आवाजाखाली गीताचे शब्दच बुडतात तो आवाज कितीही गोड असला तरी मंडळीच्या उन्नतीस निरुपयोगी आहे.

ह्याकरिता यंत्रात तीन सोयी पाहाव्यात. पहिली, लय हाताने ठोकून ठरवण्याचे बटण, ज्यास ‘टॅप’ म्हणतात. मंडळी ज्या गतीने गाते ती गती त्यावर बोटाने ठोकली म्हणजे यंत्र ती घेते. दुसरी, ‘सिंक स्टार्ट’. हिच्यामुळे डाव्या हाताची पट्टी दाबताक्षणीच ताल सुरू होतो; म्हणजे गीत काढणाऱ्याने पहिला शब्द उच्चारला की ताल त्याच्याबरोबर निघतो. तिसरी, ‘सिंक स्टॉप’. ही सर्व यंत्रांत नसते, परंतु आपल्या कामास फार मोलाची आहे. हिच्या योगाने डावा हात पट्टीवर आहे तोवर ताल चालतो, हात उचलताच थांबतो, व पुन्हा ठेवताच सुरू होतो. ओळीच्या शेवटी मंडळीची वाट पाहावयाची असेल तर वादकाने हात उचलावा, म्हणजे झाले. ह्या तीन बटणांचा ज्यास अभ्यास आहे त्याचे यंत्र तबलजीच्या बरेच जवळ येते.

३. पट्टी व सूर जुळवणे

बहिणींचा आवाज उंच व बंधूंचा खालचा. कोणी पांढरी एकमध्ये गातो, कोणी काळी दोनमध्ये, तर बहिणी एकट्या गात असता पट्टी आणखी वर चढवावी लागते. पेटीवर दर पट्टीची बोटे वेगळी शिकावी लागतात. यंत्रात ‘ट्रान्सपोज’ नावाची सोय असते, तिने बोटे तीच ठेवून सूर अर्ध्या अर्ध्या स्वराने वर किंवा खाली नेता येतो. ही नवशिक्यास मोठी देणगी आहे. मात्र गीत संपल्यावर ती पुन्हा शून्यावर आणावी, नाहीतर पुढील गीतात पेटी एका सुरात व यंत्र दुसऱ्या सुरात असे होऊन सर्वांची त्रेधा उडते.

जुनी पेटी यंत्राशी जुळत नाही, अशी तक्रार असते. ह्याचे कारण असे की, यंत्र कारखान्यातून ४४० कंपनांच्या ‘ए’ स्वरावर लावलेले येते, आणि पेटीची पाने जुनी झाली म्हणजे थोडी उतरतात किंवा मुळातच वेगळी लावलेली असतात. पेटी बदलणे कारागिराचे काम आहे. परंतु यंत्रात ‘ट्यूनिंग’ची बारीक सोय असल्यास यंत्रच पेटीपर्यंत आणता येते. ज्या मंडळीस पेटी व कॅसिओ दोन्ही वाजवावयाचे आहेत तिने ही सोय अवश्य पाहावी.

एक मर्यादाही जाणून असावी. पेटीवर मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. ह्याच व अशाच कारणांनी आकाशवाणीने १९४० पासून पेटीस मज्जाव केला होता, व तो १९७१ साली काही अंशी उठला. कॅसिओचेही मूळ तेच आहे. काही यंत्रांत डाव्या बाजूस सूर वळवण्याचे चाक असते, त्याने थोडी मींड साधते. तरीही अभंगातील नाजूक जागा गळ्यानेच घ्याव्यात. यंत्राने तेथे आवाज कमी करून स्वस्थ राहावे.

४. घराकरिता की बाहेरच्या सभेकरिता?

यंत्र कोठे वाजावयाचे आहे ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. कौटुंबिक प्रार्थनेकरिता व मुलांच्या शिक्षणाकरिता लहान यंत्र पुरे. मंदिराकरिता मध्यम पाहिजे. जत्रेत, सुवार्तेच्या सभांत व लग्नकार्यांत जे व्यवसाय म्हणून वाजवतात त्यांची यंत्रे आणखी वेगळी. यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका (ही २०१९ साली निघाली) व कॉर्गची पीए मालिका ही त्या मोठ्या जातीची होत. त्यांतील काहींचे वजन दहा-अकरा किलोंपर्यंत असते, ती सेलांवर चालत नाहीत, आणि काहींची किंमत लाख रुपयांच्या पुढे जाते. लहान मंडळीने त्यांकडे पाहून खेद करू नये. दाविदाने शौलाचे चिलखत अंगावर घालून पाहिले, परंतु ज्याची सवय नाही ते घेऊन चालणे त्यास जमेना, म्हणून त्याने ते उतरवले व आपल्या हातची गोफण घेतली. यंत्राच्या निवडीस हा धडा अगदी लागू आहे.

सर्वसाधारण मंडळीने पुढील गोष्टी पाहाव्यात.

पट्ट्या. ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, असाव्यात. बारीक पट्ट्यांची खेळण्यासारखी यंत्रे घेऊ नयेत. त्यांवर शिकलेल्या मुलाचा हात पुढे मोठ्या वाद्यावर बसत नाही. एका सप्तकाची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरली तर पट्ट्या पूर्ण मापाच्या आहेत असे समजावे. दुकानात फूटपट्टी नेण्यास लाजू नये.

स्पर्श. पट्टी हळू दाबली तर हळू व जोराने दाबली तर मोठा आवाज निघावा. ह्यास ‘टच रिस्पॉन्स’ म्हणतात. हा गुण नसलेले यंत्र प्रार्थनेच्या वेळी हळू वाजवता येत नाही. ह्यावाचून घेऊ नये.

एकाच वेळी निघणारे सूर. यंत्रावर ३२, ४८, ६४ असे आकडे लिहिलेले असतात. यंत्र एका वेळी तितके सूर धरू शकते. तालाची सोबतही ह्याच संख्येतून खर्च होते, म्हणून संख्या लहान असली तर आधी धरलेले सूर मध्येच तुटतात.

आवाज. लहान यंत्रांत बहुधा अडीच अडीच वॅटांचे दोन ध्वनिवर्धक असतात, मध्यम यंत्रांत सहा सहा वॅटांचे. घरात अडीचही पुष्कळ झाले. परंतु मंदिर भरलेले असता ते पुरत नाहीत, मग मोठ्या लाउडस्पीकरास जोडावे लागते. पुष्कळ लहान यंत्रांत बाहेर जोडण्यास केवळ हेडफोनचे छिद्र असते, आणि त्यात तार घातली की यंत्राचा स्वतःचा आवाज बंद होतो. मग लाउडस्पीकर लोकांकडे तोंड करून असला तर वादकास आपलेच वाजवणे ऐकू येत नाही. म्हणून वेगळे ‘आउटपुट’ असलेले यंत्र मिळाल्यास बरे. नसल्यास लाउडस्पीकर वादकाच्या कानी पडेल असा ठेवावा. तार जोडताना दोन्हीकडील आवाज अगदी खाली करावा.

वीज. गावात वीज जाते हे आम्ही सांगावयास नको. सेलांवरही चालणारे यंत्र घ्यावे; पुष्कळ लहान व मध्यम यंत्रे सहा सेलांवर चालतात. अॅडॅप्टर कंपनीने सांगितलेलाच वापरावा. दुसऱ्या यंत्राचा अॅडॅप्टर छिद्रात बसला तरी त्याचे व्होल्ट किंवा धन-ऋण टोके वेगळी असल्यास यंत्र जळू शकते. थोड्या रुपयांच्या बचतीपायी मंडळीचे सगळे दान धुरात जाऊ नये.

आपोआप बंद होणे. पुष्कळ यंत्रे काही वेळ न वाजवल्यास आपोआप बंद होतात. यामाहाच्या अनेक यंत्रांत हा काळ कारखान्यातून ३० मिनिटांचा ठेवलेला असतो, व सेलांवर चालताना काही यंत्रे याहून लवकर मिटतात. उपदेश लांबला तर शेवटच्या गीतास वादक पट्टी दाबतो आणि आवाज येत नाही! ही सोय माहितीपुस्तक पाहून बंद करता येते. तसेच निवडलेला नाद, ठेका व लय एका बटणावर साठवून ठेवण्याची सोय असते. ती शिकून घेतली म्हणजे गीताच्या आधी दिवे व बटणे शोधण्यात वेळ जात नाही.

५. दुकानात परीक्षा कशी करावी?

एकट्याने खरेदीस जाऊ नये. जो वाजवणार तो, जो गीत काढतो तो, व एक पंच असे तिघांनी जावे. शक्य तर गाणाऱ्या एका बहिणीस बरोबर न्यावे, कारण उंच पट्टीची परीक्षा तिच्या गळ्यावाचून होत नाही.

दुकानदार प्रथम यंत्रातील तयार गाणे लावून दाखवतो. ते ऐकून कोणीही मोहून जातो. परंतु ते वाजवण्यास आपल्या मुलाचे बोट लागलेले नाही हे विसरू नये. ‘ह्यात आठशे टोन आहेत’ असेही तो सांगेल. मंडळी वर्षभरात त्यांतील पाचसहाच वापरते. म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

(अ) तयार गाणे बंद करावयास सांगून पेटी, बासरी व ऑर्गन हे तीनच नाद ऐकावेत.

(आ) आपल्या मंडळीत नेहमी चालणारी तीन गीते निवडून न्यावीत : एक विलायती चालीचे, एक केरव्यातील भजन, एक दादऱ्यातील पद. तिन्ही तेथे उभ्याने गावीत व वाजवावीत.

(इ) लय शक्य तितकी उतरवून पाहावी. वृद्ध मंडळी सावकाश गातात. सावकाश लयीत ठेका उघडाबोडका वाटतो की कानास भरलेला वाटतो, हे पाहावे.

(ई) गाता गाता मुद्दाम थांबावे, व वादकास यंत्र थांबवून पुन्हा धरता येते की नाही ते पाहावे.

(उ) डावीकडील शेवटच्या पट्टीपासून उजवीकडील शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक पट्टी दाबावी. एखादी मुकी, ढिली किंवा खडखडणारी असल्यास दुसरे यंत्र मागावे. जुने यंत्र घेताना तर हे अवश्य करावे, आणि सेलांची खोली उघडून आत गंज किंवा गळलेला सेल नाही हे पाहावे.

(ऊ) बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणत्या शहरात होते हे विचारावे, आणि पावती मंडळीच्या नावाने घ्यावी.

६. खर्चाचा हिशेब

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभूने जे शिकवले ते येथे अक्षरशः लागू पडते. यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. अॅडॅप्टर पेटीबरोबर नसल्यास तो, मजबूत स्टँड, जाड पिशवी, सुरास लांबवणारा पायाचा पेडल, लाउडस्पीकरची तार, सेल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वादकाच्या शिक्षणाचा खर्च, हे सर्व आधी कागदावर मांडावे. सगळाच पैसा यंत्रात घालून शिक्षणास काही उरले नाही, तर ते यंत्र कपाटाची शोभा होईल. आमचे मत असे की, थोडे कमी किमतीचे यंत्र घ्यावे, परंतु निदान सहा महिन्यांच्या शिकवणीची सोय राखावी. कर्ज काढून घेऊ नये. पाळकाच्या पगारास किंवा गरिबांच्या निधीस हात लावून तर मुळीच घेऊ नये.

यंत्र आल्यावर भांडणे होऊ नयेत म्हणून तीन गोष्टी पंचांच्या सभेत आधीच लिहून ठेवाव्यात : ते कोणाच्या घरी किंवा कोठे राहील, लग्नकार्यास बाहेर द्यावयाचे की नाही, व दिल्यास नुकसानीची भरपाई कोण करील, आणि कोणत्या दोघांस ते वाजवण्याची जबाबदारी राहील. ज्याने मोठी देणगी दिली त्याच्या मुलासच वाजवण्याचा हक्क, असा पायंडा पडू देऊ नये. विधवेची दोन नाणी ज्याने पाहिली तो आपला दाता आहे, आणि यंत्र सर्वांचे आहे.

७. वाजवणारा

जपानात १८८७ साली हामामात्सु येथील शाळेचा बिघडलेला ऑर्गन तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने दुरुस्त केला, आणि तसाच एक आपण बनवला. तो ऑर्गन त्याने एका सोबत्यासह खांद्यावर वाहून, हाकोनेचे डोंगर ओलांडून, सुमारे २५० किलोमीटर दूर तोक्योच्या संगीतसंस्थेत नेला. तेथे तज्ज्ञांनी सांगितले की, बांधणी ठीक आहे, पण सूर चुकीचे लागले आहेत. तो रागावून परतला नाही. तेथेच महिनाभर राहून तो सुरांचे शास्त्र शिकला आणि घरी येऊन त्याने दुसरा ऑर्गन बांधला. आज ज्या कंपनीची यंत्रे आपल्या मंदिरांत दिसतात तिचा उगम ह्या कष्टात आहे. सूर चुकला असे कोणी सांगितले असता ते ऐकून घेणे व पुन्हा शिकणे, हा गुण आपल्या तरुण वादकांनी घ्यावा.

निदान दोघांस शिकवावे, आणि त्यांत एक मुलगी असावी. एकच वादक असला व तो कामास शहरात गेला की यंत्र मुके होते. त्यांनी प्रथम ताल न लावता साधी चाल वाजवण्यास शिकावे, नंतर केवळ ताल, नंतर कॉर्ड. दर आठवड्यास एक गीत पक्के केले तरी वर्षाअखेर पन्नास गीते हाती येतात. आणि कॅसिओ आला म्हणून जुना तबलजी किंवा पेटीवाला यांस बाजूस सारू नये. ज्या हातांनी वर्षानुवर्षे मंडळीचे गाणे सांभाळले त्यांचा मान राखणे हाही उपासनेचाच भाग आहे. महिन्यातून एक रविवार यंत्राविना, केवळ टाळ व टाळ्यांवर गावा. त्या दिवशी मंडळीचा आवाज पूर्वीइतका भरून येतो की नाही, हे पंचांनी कान देऊन ऐकावे. तो क्षीण झाला असेल तर यंत्र अधिक बोलत आहे असे समजून त्याचा आवाज उतरवावा.

मंडळीत चर्चेकरिता प्रश्न

१. आपल्या मंडळीत नेहमी गाइल्या जाणाऱ्या दहा गीतांची यादी करा. त्यांतील किती विलायती चालींची व किती देशी ठेक्यांची आहेत?

२. आपल्यातील कोणाचा आवाज सर्वांत हळू आहे? त्यास गाता यावे म्हणून वादकाने काय करावे?

३. दाविदाने शौलाचे चिलखत का उतरवले? खरेदीच्या वेळी ही गोष्ट आपणांस काय शिकवते?

४. यंत्राखेरीज आणखी कोणता खर्च येईल? त्याचा आकडा मांडून पाहा.

५. यंत्र कोणाकडे राहील व कोण वाजवील हे आपण ठरवले आहे काय?

प्रिय मंडळीहो, ज्या गावी अजून कॅसिओ घेण्याचे सामर्थ्य नाही तेथील बंधुभगिनींनी मन खट्टू करू नये. पौल व सीला फिलिप्पैच्या बंदिशाळेत मध्यरात्री गात होते तेव्हा त्यांच्याजवळ कोणतेच वाद्य नव्हते, आणि इतर बंदिवान कान देऊन ऐकत होते. ज्यांस सामर्थ्य आहे त्यांनी विचाराने घ्यावे, एकमताने घ्यावे, आणि घेतलेले यंत्र अशा रीतीने वाजवावे की मागच्या रांगेतील म्हाताऱ्या आईचाही आवाज त्यात ऐकू येईल. प्रभू आपल्या सर्वांच्या मुखी स्तुती देवो. आमेन.